वारुळावरची छत्री आणि चार अक्षरं



देगलूरच्या बाजारात उभं राहिलं की तेलंगणा एका हाताला आणि कर्नाटक दुसऱ्या हाताला. नांदेड जिल्ह्याच्या त्या टोकाला माणसं तीन-चार भाषांत भाव करतात आणि रागावली की तेवढ्याच भाषांत भांडतात. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर रानात जी भूछत्रं उगवतात, त्यांना तिथं किती नावं आहेत हे मी एकदा वहीत लिहून घेतलं. मराठीत कुत्र्याची छत्री. खाण्याजोगी असली तर अळंबी. कानडीत अणबे. आमच्या दखनीत सांप की छतरी. आणि तेलुगूत पुट्टगोडुगु. पुट्ट म्हणजे वारूळ, गोडुगु म्हणजे छत्री.

मराठीनं तिला कुत्र्याच्या नावावर चढवलं, दखनीनं सापाच्या. एकट्या तेलुगूनं तिचा पत्ता नीट लिहून ठेवला. गोव्याची कोकणीही तसंच करते. तिथं पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला चढ्या भावानं विकली जाते ती रोण अळमी, आणि रोण म्हणजेही वारूळच. एवढ्या अंतरावरच्या दोन भाषांना एकच गोष्ट दिसली होती. ती कोणती, त्याकडे मी पुढं येतो.

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए. शब्दांच्या नादानं या विषयात शिरलो. एका नावाखाली वस्तू किती आणि एका वस्तूला नावं किती, हा माझा प्रश्न. कवितेत एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर वाहवा मिळते. ताटात तसं झालं तर दवाखाना गाठावा लागतो.

लातूरहून औशाकडे जाताना आत शिरलं की माळावर वारुळं दिसतात. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच लातूरचा हा माळ. इथं भूछत्र कुठून उगवणार, असं कोणालाही वाटेल. पण जोराची सर येऊन गेली की काही दिवसांनी एखाद्या वारुळाच्या माथ्यावर एक चमत्कारिक छत्र उभं राहतं. वीतभर उंच, दांडा लाकडासारखा कडक, टोपी मिटलेली आणि तिच्यावर पांढरट खवले. छत्री उघडायची राहूनच गेली, असं ते दिसतं. आत आधी पांढरं असतं, मग तपकिरी होतं आणि शेवटी गडद भुकटी उरते. टोपी फाटली की वारा ती भुकटी घेऊन जातो.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला मी ते दाखवलं. तो म्हणाला, "पोडॅक्सिस." हे झालं आडनाव. पुढचं नाव विचारलं तर म्हणाला, "पिस्टिलॅरिस म्हणा. सगळेच म्हणतात."

या 'सगळेच म्हणतात'च्या पोटात अडीचशे वर्षांची हकीकत आहे. सजीवांना दुहेरी नावं देण्याची पद्धत रूढ करणारा स्वीडनचा कार्ल लिनियस. त्यानं १७७१ मध्ये भारतातून गेलेल्या नमुन्यावरून या छत्राचं पहिलं वर्णन केलं. त्यानंतर जगभरच्या कोरड्या मुलखांतून तशीच छत्रं सापडत गेली. कोणाला दांडा लांब दिसला, कोणाला भुकटीचा रंग वेगळा दिसला, आणि चाळीसहून अधिक प्रजाती कागदावर आल्या. मग १९३३ मध्ये या सगळ्यांची फेरतपासणी झाली आणि त्यातल्या बहुतेक प्रजाती मोडीत काढून पुन्हा एकाच पिस्टिलॅरिसमध्ये जमा केल्या गेल्या. बारसं आणि नाव कापणं, दोन्ही डोळ्यांच्या भरवशावर झालं. त्यात त्या लोकांना दोष देण्यासारखं काही नाही. भूछत्र सकाळी एक दिसतं, दुपारच्या उन्हात दुसरं आणि रात्री पाऊस झाला तर तिसरंच. शिवाय आपण ज्याला भूछत्र म्हणतो ते त्या बुरशीचं फळ. तिचं खरं शरीर म्हणजे मातीत, लाकडात, शेणात पसरलेलं बारीक धाग्यांचं जाळं. आंब्याचं झाड जमिनीखाली असावं आणि वर दोन दिवस फक्त आंबा दिसावा, तशी ही गत. त्या दोन दिवसांच्या आंब्यावरून झाड ओळखायचं!

आणखी एक गंमत. बुरशी ही वनस्पती नाही. तिचं स्वतःचं वेगळं राज्य आहे, आणि नातं लावायचंच झालं तर ते वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी जवळचं निघतं. म्हणजे कुत्र्याची छत्री बाभळीपेक्षा कुत्र्याच्या जवळची. आपल्या म्हाताऱ्या भाषेनं हे नाव कुठल्या विचारानं दिलं कोण जाणे, पण अगदीच वाया गेलेलं नाही.

माझी एक भाची जीवतंत्रज्ञान शिकलेली आहे. तिच्या प्रयोगशाळेत मी एक दिवस मुक्काम ठोकला आणि ही डीएनए तपासणी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. पाहण्यासारखं त्यात फार थोडं आहे, हे आधीच सांगतो. वाळलेल्या भूछत्राचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात. तो कुटतात. मिठाच्या आणि साबणासारख्या द्रावणांनी पेशी फोडतात, प्रथिनं आणि चरबी बाजूला काढतात आणि शेवटी अल्कोहोलमध्ये डीएनए खाली बसतो. मग तो एका यंत्रात जातो. या यंत्राचं नाव आता आपल्या घराघरांत माहीत आहे. २०२० मध्ये करोना आला आणि नाकात काडी घालून ज्या तपासण्या झाल्या, त्यातला पीसीआर तो हाच. कॅरी मलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८३ मध्ये ही युक्ती सुचली आणि १९९३ मध्ये नोबेल मिळालं. नमुना तापवायचा, गार करायचा, पुन्हा तापवायचा. दर फेरीला हव्या त्या तुकड्याच्या प्रती दुप्पट होतात. तीस-पस्तीस फेऱ्यांत त्या एका तुकड्याचा इतका साठा होतो की दुसरं यंत्र त्यातली अक्षरं वाचू शकतं.

अक्षरं चारच. ए, टी, जी आणि सी. मराठीत बाराखड्या आहेत, उर्दूत नुक्ते आहेत, इथं एवढ्या चारांवर सारं चालतं.

पण संपूर्ण डीएनए वाचत बसत नाहीत. भूछत्रासाठी त्यातला एक लहान पट्टा निवडलेला आहे. साधारण पाचशे ते सातशे अक्षरांचा. त्याचं इंग्रजी नाव आयटीएस. तो कुठं असतो हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. पेशीत प्रथिनं बनवण्याचं जे यंत्र असतं, त्याच्या भागांचे नकाशे डीएनएमध्ये ओळीनं लिहिलेले असतात. त्या कामाच्या नकाशांच्या मधली जी मोकळी जागा, ती म्हणजे आयटीएस. कामाचा मजकूर कोट्यवधी वर्षं फारसा बदलत नाही, कारण बदलला तर पेशीच चालणार नाही. मधल्या जागेत मात्र चूकभूल खपते. म्हणून तिथं प्रत्येक प्रजातीचं अक्षर वेगळं पडत जातं. ओळींमधल्या मोकळ्या जागेतूनच ओळख पटते, हे कवीला कोणी समजावून सांगायला नको. शिवाय या पट्ट्याच्या प्रती एकेका पेशीत पुष्कळ असतात, त्यामुळे जुन्या, वाळलेल्या, किडलेल्या नमुन्यातूनही तो बऱ्याचदा हाती लागतो.

या पद्धतीला बारकोड म्हणतात. दुकानातल्या साबणाच्या वेष्टनावर काळ्या रेघा असतात, त्यावरून हा शब्द घेतला. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली, ती प्राण्यांसाठी. त्यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंग केंद्र आपल्या मराठवाड्यातच आहे, छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात. हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. प्राण्यांसाठी हेबर्ट यांनी निवडलेला पट्टा भूछत्रांना लागू पडेना. पुष्कळ चर्चा आणि तुलना होऊन २०१२ मध्ये अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून बुरशीसाठी हा आयटीएसचा पट्टा ठरवला.

आता औशाच्या वारुळाकडे परत येऊ. २०१६ मध्ये पोडॅक्सिसच्या नमुन्यांची अशी तपासणी प्रसिद्ध झाली. दक्षिण आफ्रिकेच्या भागातले ४५ नमुने, उत्तर अमेरिकेतले चार, इथिओपिया आणि केनियाचा एकेक. त्यातले काही संग्रहालयात शंभराहून अधिक वर्षं पडून असलेले होते. जवळजवळ सगळ्यांच्या चिठ्ठीवर पिस्टिलॅरिस लिहिलेलं, नाहीतर नुसतंच पोडॅक्सिस. अक्षरं वाचल्यावर त्या एका नावातून किमान पाच वेगळ्या शाखा निघाल्या. मग पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर भुकटीच्या कणांची लांबी, रुंदी, भिंतीची जाडीही शाखेगणिक वेगळी होती. म्हणजे फरक आधीपासून समोर होता, कुठं बघायचं ते कळत नव्हतं. काही शाखा नेहमी वाळवीच्या घरावरच उगवणाऱ्या, काही वाळवीशी संबंध न ठेवता मोकळ्या जमिनीवर राहणाऱ्या.

त्या यादीत भारताचा एकही नमुना नव्हता. ज्या देशाच्या मातीतून पहिला नमुना गेला, तोच गैरहजर!

२०२१ मध्ये ही उणीव वेगळ्याच वाटेनं काहीशी भरली. संशोधकांनी जुन्या संग्रहांतल्या नमुन्यांवरची भुकटी घेतली आणि तिला रुजवून पाहिलं. ती रुजली! लिनियसच्या काळात ज्यांचं पहिलं वर्णन झालं, अशा दोन प्रजातींचे २४० वर्षांहून जुने नमुनेही त्यात होते. पानिपताच्या लढाईनंतर थोड्याच वर्षांनी पेटीत ठेवलेली भुकटी आपल्या काळात पाणी मिळताच अंकुरली. त्यांचा तर संपूर्ण डीएनए वाचून झाला, आणि कळलं ते असं की वाळवीच्या आश्रयाला गेलेल्या शाखांची जनुकं कमी होत गेली आहेत. सासुरवाडीला कायमचा राहिलेला जावई हळूहळू स्वतःची अवजारं हरवत जातो, तसं काहीसं.

तेव्हा औशाच्या माळावरचं आपलं मिटलेलं छत्र यातल्या कोणत्या घरचं? युरोपातल्या पेटीवरून त्याचं उत्तर काढता येणार नाही. माळावरचाच नमुना घ्यावा लागेल.

यावर कोणी म्हणेल, खाणाऱ्याला काय फरक पडतो? पडतो, आणि खाणाऱ्याला कळतही नाही. लंडनच्या क्यू बागेतल्या दोन शास्त्रज्ञांनी दुकानातून सुकवलेल्या भूछत्रांचं एक साधं पाकीट आणलं. चीनहून आलेलं. त्यातल्या पंधरा तुकड्यांचा डीएनए वाचला. तीन प्रजाती निघाल्या आणि तिन्हींना तोवर शास्त्रात नावच नव्हतं. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लोक पैसे मोजून, शिजवून, आवडीनं खात होते, आणि पुस्तकात त्या वस्तूची नोंद नव्हती. जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख प्रजाती असाव्यात असा २०१७ चा अंदाज आहे. नाव मिळालेल्या आहेत जेमतेम दीड लाख. बाकीच्या निनावी उगवतात आणि निनावी जातात.

किनवटकडे चित्र निराळं. तिथं सागाचं जंगल आहे, पैनगंगा आहे, गोंड, कोलाम, आंध या लोकांची वस्ती आहे. विदर्भ लागूनच असल्यामुळे सात्या, टेकोडे असे तिकडचे शब्दही कानावर पडतात. तिथल्या आठवडी बाजारात मी एका म्हातारीच्या पाटीपुढं बसलो. तिच्यापुढं दोन वाटे होते. माझ्या डोळ्यांना दोन्हींतली छत्रं सारखीच.

"मावशी, हे दोन वेगळे का ठेवले?"

"ही इकायची. ही त्या पोरानं तोडून आणली, ती फेकायची."

"फरक काय?"

तिनं एक छत्र उचलून त्याचा बुडखा दाखवला. दांडा खाली निमुळता होत गेला होता, शेपटीसारखा, बोटभर लांब, मातीनं माखलेला. "हे खाली जातंय, वारुळाच्या पोटात. ओढून काढलं की मोडतंय, म्हणून काडीनं उकरायचं. त्या दुसरीला बूडच नाही, वरच्यावर बसलेली असती. तिला आमी हात लावत नाही, भाऊ."

पुट्टगोडुगु आणि रोण अळमी ही नावं ज्या गोष्टीवरून आली, ती हीच. या भूछत्राच्या वंशाला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात. १९४२ मध्ये फ्रान्सच्या रोझे हाइम यांनी हा वंश वेगळा काढला. वाळवी जमिनीखाली त्याची चक्क शेती करते. पालापाचोळा, लाकूड खाऊन वाळवी त्याच्या स्पंजासारख्या वाफ्या रचते, त्यावर ही बुरशी वाढते आणि वाळवी ती खाते. पावसाळ्यात त्या वाफ्यातून लांब शेपटी वर काढत छत्र जमिनीबाहेर येतं. वाळवी आणि बुरशी या दोघांच्या डीएनएची झाडं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा दिसलं की ही शेती आफ्रिकेत एकदाच सुरू झाली, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी, आणि तिथून आशियात आली. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. आपण बियाण्याचं कौतुक सांगतो, पण किनवटच्या जंगलात पायाखाली जे बियाणं आहे, ते तीन कोटी वर्षं हातोहात चालत आलेलं आहे. वारूळ फोडलं की ते गेलं. गोवा विद्यापीठाचे नंदकुमार कामत अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत, की रोण अळमी बेसुमार उपटू नका, ती वारुळाच्या जोरावर उगवते आणि वारूळ जंगलाच्या.

म्हातारीची खूण बरोबर होती. पण ती एवढ्याच एका वस्तूला लागू पडते, आणि ते तिला माहीत होतं. शहरात आलेल्या माणसाला ते माहीत नसतं. आमच्या ओळखीतल्या एका बांधकाम मजुराच्या घरी असंच झालं. जिथं काम चालू होतं त्या आवारातली पांढरी मोठी छत्रं त्यांनी शिजवली. दोन तासांत तिघांना उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "खाल्लं त्यातलं काही आणलंय का?" भांडं घासून झालं होतं. तिघं वाचले, पण काय खाल्लं होतं ते कायमचं अंधारात राहिलं.

हिरवळीवर, आवारात उगवणारं एक भूछत्र आपल्या देशात सर्रास दिसतं. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. मोठं, पांढरं, तपकिरी खवल्यांचं, दिसायला अगदी भूक लागावी असं. खाल्लं की तास-दोन तासांत पोट पिळवटतं. त्याची ओळख घरातही पटते. टोपी कापून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची. सकाळी कागदावर जो भुकटीचा ठसा उमटतो, तो याचा हिरवट असतो. टर्मिटोमायसिसचा फिकट गुलाबी. पण गुलाबी ठसा म्हणजे खायला परवाना, असं कृपा करून समजू नका. गुलाबी ठशाची विषारी छत्रंही जगात आहेत.

आणि ज्या खुणा आपण घरोघर ऐकतो, त्या सगळ्या खोट्या आहेत. लसूण काळा पडला तर विषारी, चांदीचा चमचा काळवंडला तर विषारी, किड्यांनी खाल्लं असेल तर चांगलं, उकळून पाणी टाकलं की विष जातं. यातलं एकही खरं नाही. सगळ्यात घातक विष अमानिता वंशाच्या काही प्रजातींत असतं. ते शिजवून जात नाही. त्याची चव वाईट नसते. आणि त्याचा कावेबाजपणा असा, की खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, एखादा दिवस बरं वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानटी भूछत्रं खाऊन तेरा जण दगावले. त्यात चहामळ्यांतल्या मजुरांची घरं होती. म्हणून सांगतो, भूछत्र खाल्ल्यावर सहा तासांनी त्रास सुरू झाला तर तो लगेच सुरू झालेल्या त्रासापेक्षा जास्त भीतीचा समजा, आणि उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्या. कच्चा असो, शिजलेला असो. शिजलेल्या तुकड्यातूनही डीएनए मिळू शकतो. जपानमध्ये आणि इटलीत तशा पद्धती बसवून पाहिल्या गेल्या आहेत. आपल्याकडे मध्यरात्री तालुक्याच्या दवाखान्यात ते यंत्र नसणार, हे उघड आहे. पण जाणकाराच्या डोळ्यांना आणि सूक्ष्मदर्शकाला तरी काहीतरी मिळेल.

आता या तपासणीचा कमकुवत भाग सांगतो, कारण वर्तमानपत्रात डीएनए हा शब्द आला की लोक तो कोर्टाचा निकाल समजतात.

किनवटच्या दोन्ही वाट्यांतलं एकेक छत्र मी कागदी पिशवीत घालून आणलं होतं. भाचीनं दोन्हींची अक्षरं वाचली आणि संगणकावरच्या जागतिक साठ्याशी ताडून पाहिली. विकायच्या वाट्यातलं टर्मिटोमायसिस निघालं, वंशापुरतं तरी निश्चित. फेकायच्या वाट्यातल्याला मात्र साठ्यातून तीन निरनिराळी नावं आली, तिन्ही सारख्याच जवळची.

मी म्हटलं, "एवढं यंत्र, आणि नाव एक नाही?"

ती हसली. "मामू, मशीन नाम नै बताती. मशीन खाली हर्फां देती. नाम तो लोगां डालते."

हा सगळा मामला त्या वाक्यात आहे. साठ्यात जगभरच्या लोकांनी अक्षरं पाठवलेली असतात आणि प्रत्येक ओळीपुढं नाव ज्यानं त्यानं लिहिलेलं असतं. २००६ मध्ये काही संशोधकांनी बुरशीच्या अशा नोंदी तपासल्या, तर सुमारे वीस टक्के नोंदींवर प्रजातीचं नाव चुकलेलं असावं, असं दिसलं. पाचात एक! एकानं चूक लिहिली की दुसरा तिच्याशी ताडून आपल्या नमुन्याला तेच नाव देतो आणि चुकीची वंशावळ सुरू होते. दोन नमुन्यांत शंभरामागं दोन-तीन अक्षरांचा फरक असला की प्रजाती वेगळी, असा ढोबळ अंदाज वापरतात. पण काही जवळच्या प्रजातींत या पट्ट्यापुरता फरकच नसतो, मग दुसरी जनुकं वाचावी लागतात. आणि नमुना दमट राहून त्यावर साधी बुरशी चढली असेल तर यंत्र इमानेइतबारे त्या बुरशीचीच अक्षरं वाचून देतं.

शिवाय आपल्याकडची पुष्कळ नावं युरोपातल्या पुस्तकांवरून चिकटवलेली. झाडाच्या बुंध्यावर तांबूस, चकचकीत, लाकडासारखं कडक छत्र येतं, त्या गॅनोडर्माला आपण वर्षानुवर्षं लुसिडम म्हणत आलो. ते नाव इंग्लंडमधल्या नमुन्याचं. पूर्व आशियात औषध म्हणून विकलं जाणारं लुसिडम वेगळंच आहे हे डीएनएवरून कळलं आणि २०१२ मध्ये त्याला लिंगझी हे नाव मिळालं. आपल्या चिंचेखाली, बाभळीखाली काय आहे, ते असंच एकेक बघावं लागेल.

मराठीत प्रजातीला 'जात' असंही म्हणतात. तो शब्द मी जपून वापरतो. आपल्याकडे जात विचारली की माणसं सावध होतात, आणि ठरवणारा नेहमी दुसराच कोणी असतो. भूछत्रांची जात ठरवतानाही ज्यांनी ती आयुष्यभर हाताळली, त्यांना विचारायची पद्धत नाही. किनवटच्या त्या मावशीला तीन-चार प्रकार नुसत्या बुडख्यावरून, वासावरून, उगवण्याच्या नक्षत्रावरून सांगता येतात. ती अक्षरं कुठल्याच साठ्यात नाहीत.

त्यासाठी मोठा खर्चही लागत नाही. नमुना उपटायचा नाही, बुडख्यासकट उकरायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा नाही, त्यात तो घामेजून सडतो, कागदात घ्यायचा. ताजा असतानाच फोटो काढायचा, वरून आणि खालून. वास कसा, कापल्यावर रंग बदलतो का, वारुळावर होता की शेणावर की लाकडावर, ते तिथंच लिहायचं. मग मंद उष्णतेवर कुरकुरीत वाळवायचा आणि हवाबंद डबीत ठेवायचा. असा नमुना अनेक वर्षांनीही वाचता येतो. लिनियसच्या पेटीनं ते दाखवलंच आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा अजरेकर यांच्या नावाचा जुना संग्रह आहे. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ पासून आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे, आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत विज्ञान शिकवणारी महाविद्यालयं काही कमी नाहीत. पावसाळ्याच्या दोन महिन्यांत बी.एस्सी.च्या मुलांना बाजारात आणि माळावर पाठवलं, तर पाच वर्षांत आपल्या भागाची एक चांगली पेटी तयार होईल. अक्षरं वाचण्याचं काम मग कुठल्याही प्रयोगशाळेत करून घेता येतं.

भाचीनं किनवटच्या नमुन्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. तालुका, तारीख, वारुळापासूनचं अंतर, गोळा करणाऱ्याचं नाव. मी तिला सांगून आणखी एक ओळ वाढवून घेतली, 'स्थानिक नाव आणि सांगणारी व्यक्ती'. ती ओळ आम्ही शाईनं भरली. शास्त्रीय नावाच्या ओळीत तिनं एका डबीवर वंशापुरतं नाव पेन्सिलीनं लिहिलं आणि दुसरीवरची जागा मोकळी ठेवली.